चिऱ्यांवर ठेवलेली गाडी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडं भरून येतं. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. रत्नागिरीला मी पोलीस निरीक्षक होतो. मी घाटावरचा माणूस, बदलीवर नुकताच आलेलो. इथली माणसं मारामाऱ्या कमी करतात आणि अर्ज जास्त, एवढंच तोवर कळलं होतं.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक सेवानिवृत्त मुख्य कारकून तावातावानं आत आले. शर्ट कडक इस्त्रीचा, चेहरा लालबुंद.

"साहेब, माझ्या गाडीची चारही चाकं गेली! काल भरदुपारी, अंगणातून. आणि साधी नव्हेत, अलॉय!"

"काल गेली, मग आज आलात?"

"काल संध्याकाळी आधी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाला उभा केला आणि सांगितलं, ज्यानं माझी चाकं उतरवली त्याच्या घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळू दे."

म्हणजे आमचा नंबर ग्रामदेवतेच्या नंतरचा. मी मुकाट्यानं अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवून घेतला आणि पंचनाम्याला गेलो.

गाडी छोटीच, पुतण्याकडून घेतलेली. तिच्या मूळच्या अलॉय चाकांपैकी एक खड्ड्यात तडकलं, म्हणून काकांनी चारही बदलायला काढली. दुकानदारानं मूळ मापाची दाखवली, ती यांना किरकोळ वाटली. शेवटी कुणाच्या तरी मोठ्या गाडीवरची, दोन इंच मोठी आणि रुंद टायरची चाकं पसंत पडली. जुनी चाकं दुकानदाराला देऊन टाकली. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला होता, ही आत घासतील. काकांनी उत्तर दिलं, "चारही भोकं जुळतायत ना? मग झालं तर!"

आता गाडी अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांवर उभी होती. मी वाकून पाहिलं. प्रत्येक चिऱ्यावर गोणपाटाची जाड घडी होती, गाडीला खालून चरा पडू नये म्हणून. चोराला घाई असते. या चोराला गाडीची काळजी होती. काकू दारात उभ्या होत्या. चहा विचारून त्या आत गेल्या, त्या पंचनामा संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

नाक्यावरचा शहाळीवाला ठाण्याचा जुना खबऱ्या. त्यानं सांगितलं, "काल दुपारी तो ग्यारेजवालाच जॅक लावीत होता. मला वाटला, मालकानंच बोलावल्यानी."

गॅरेजवाल्याला आणला. पंचविशीतला, लग्न झालेला, हातावर ग्रीस. त्याला जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी लागली होती आणि त्याची पोलीस पडताळणी आमच्याच ठाण्यात येऊन पडली होती. चौकशीत माणूस पहिल्यांदा नाकारतो, हा आमचा अनुभव. यानं बसल्या बसल्या कबूल केलं.

"चाकं मीच काडली, साहेब."

"कुठे ठेवलीस?"

गप्प.

"का काढलीस?"

तो हातावरचं ग्रीस खरवडत बसला. मी आवाज चढवला, मग उतरवला. शेवटी सरळच सांगितलं, "हे बघ, आज तुझी अटक दाखवली की पडताळणीवर शेरा पडणार. जहाज गेलं समज."

त्याचे डोळे भरले. "ठाव हाय मला. पन मी शबूद दिलाय, साहेब."

"कुणाला?"

सराईत चोराला मी घामाघूम करू शकत होतो, पण शब्द पाळणाऱ्या माणसाचं काय करायचं ते आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्याला संध्याकाळपर्यंत विचार करायला बसवला. हवालदाराला म्हटलं, अटकेचे कागद तयार ठेवा.

जेवणवेळी हवालदार माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. "साहेब, त्याच्यासाठी डबा आलाय."

"मग दे की."

"फिर्यादीच्या घरून आलाय."

डबा उघडला. गरम घावन, कुळथाचं पिठलं आणि लोणच्याची फोड. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच घरून संशयिताला जेवण आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं आणि खुर्ची दिली.

"काकू, चाकं कुठे आहेत?"

"आमच्याच परसात, झावळ्यांखाली." पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "मी सांगत्ये ते आधी ऐकून घ्या. ती मीच त्याला काढायला लावली. रविवारी आरे-वारेला गेलो होतो. मी मागे बसल्ये होत्ये. उतारावर वळण घेताना खालून कर्र आवाज आला आणि स्टिअरिंग क्षणभर अडलं. एका बाजूला समुद्र, साहेब! आणि हे म्हणतात, नवीन चाकं आहेत, आवाज करायचीच. उद्या गुहागरला जायचंय, माझ्या भाचीचा साखरपुडा. किती सांगितलं, ऐकतील तर शपथ. म्हटलं, चाकंच नसली तर एस.टी.नं येतील. रात्री सांगून टाकणार होत्ये."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? हे येतात ते गाऱ्हाणं घालूनच! उतरवली कुणी, मी. माझ्या घरचा कर्ता पुरुष कोण? यांचं ब्लडप्रेशर आधीच वर. त्यात हे कळलं असतं तर आजच अंथरूण धरलं असतं त्यांनी. मीच त्याला म्हटलं, काही बोलू नको, मी बघत्ये. आणि तो वेडा खरंच बोलला नाही!" एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

काकांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ठाण्यात आकाशपाताळ एक होणार. सगळं ऐकल्यावर ते खुर्ची ओढून काकूंसमोर बसले.

"अगो, एवढी घाबरलीस तर मला तसं म्हणायचं नाहीस? तुझ्यासाठीच तर घेतली होती चाकं. इतकी वर्षं एस.टी.तून पिशव्या सांभाळत माहेरी गेलीस. म्हटलं, एकदा तरी झोकात न्यावी."

"माझ्या भावांना तुम्हाला बघायचंय हो. चाकं नकोत त्यांना."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. मी कागद चाळले.

गाऱ्हाणं मात्र तसंच ठेवून चालणार नव्हतं. आम्ही सगळेच देवळात गेलो. गुरवानं नारळ ठेवून कालचं बोलणं मागे घेतलं. काका हात जोडून म्हणाले, "चूक माझ्या तोंडून झाली. त्या मुलाचं जहाज सुखरूप जाऊ दे, सुखरूप येऊ दे रे महाराजा!" सगळ्यांनी "होय महाराजा!" म्हटलं. मी गणवेशात होतो, तरी माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला, असं हवालदार पुढे बरेच दिवस सांगत असे.

गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून कोर्टाकडे 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. साखरपुड्याला ती दोघं एस.टी.नंच गेली. परत आल्यावर चाकांची पुन्हा निवड झाली. या वेळी गॅरेजवाला सोबत होता आणि मीही उगाच गेलो. काकांची नजर तरीही चकचकीत मोठ्या चाकांवरच. शेवटी मूळ मापाची, साध्या पाच दांड्यांची अलॉय बसवली. गाडी भरल्यावर चाकं घासतात का ते बघायला मागच्या सीटवर काकू, हवालदार आणि मी असे तिघं दाटीवाटीनं बसलो. गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काका बाहेरून खिडकीत वाकले. "काय गो, येतोय आवाज?" काकूंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली, नाही.

एवढ्या नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. पण माणूस स्वतःला वाचवायला जेवढं लपवतो त्याहून घट्ट आपल्या माणसाला वाचवायला लपवतो, हे मला त्या घरानं शिकवलं. तेव्हापासून चौकशीत मी "हे कुणी केलं" याच्या आधी "हे कुणासाठी केलं" असं विचारू लागलो.

त्याच आठवड्यात त्या मुलाची पडताळणी टेबलावर आली. असे शेरे आम्ही रोज लिहितो, बहुतेक न ओळखता. त्या दिवशी मी पेन नीट धरून लिहिलं: वर्तणूक चांगली, प्रतिकूल काही नाही. आणि पहिल्यांदाच मला नक्की माहीत होतं की लिहिलंय ते खरं आहे.