साडूंच्या माशाचं पोट

माझ्या थोरल्या साडूंच्या घरातून अर्धपोटी उठलेला जीव या पृथ्वीतलावर सापडायचा नाही. मग तो जावई असो, मांजर असो, की नुसता पत्ता विचारायला आलेला परका असो. साडू नगरला कचेरीत कारकून होते, पण त्यांचा खरा हुद्दा वाढप्याचा. पानावर हात आडवा धरावा, तर श्रीखंड हातावर पडायचं. एकदा मी ताट घेऊन उठलो, तर हे जिलबी घेऊन मोरीपर्यंत मागे आले. "एवढीशी तर आहे!"

अशा माणसाने मासा पाळू नये. पण दुष्काळाच्या साली त्यांनी पुण्याहून एक सोनेरी मासा आणला, लोखंडी चौकटीत काचा बसवून पेटी करून घेतली आणि त्याला वाढायला सुरुवात केली. पोळीचा चुरा, फुटाण्याचं पीठ, सणाला पुरण. मासा बिचारा 'पुरे' म्हणणार कसा? महिन्याभरात त्याचं पोट लिंबासारखं फुगलं आणि शेपूट वर, डोकं खाली असा तो तरंगू लागला. साडूंनी निदान केलं, "अशक्तपणा!" आणि खुराक वाढवला.

मी तेव्हा काष्टीला जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. ऐन बाजाराच्या दिवशी, बैल-म्हशींच्या रांगेत साडू दुधाची किटली घेऊन हजर. आत मासा. एका शेतकऱ्याने डोकावून पाहिलं.

"आजारी हाय व्हय? मंग लवकर तळा की!"

साडू त्याच्या अंगावरच धावले. मला तोंड कुठे लपवू असं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "बैलाचं पोट फुगलं की आपण आधी वैरण बंद करतो ना? तेच करा. तीन दिवस काही द्यायचं नाही. दिलंत तर जाईल."

"तीन दिवस?" साडूंचा चेहरा उतरला, ते माझ्याकडे वळले. "मला नाही जमायचं. तुम्हीच न्या घरी." म्हणजे मासा माझ्या गळ्यात. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला साडूही मुक्कामाला.

भाताचं मोठं पातेलं माशाला गेलं. विहिरी आटलेल्या, बायको मैलभरावरून पाणी आणायची, त्यातला रोजचा एक हंडा माशाचा. साडू पातेल्याशेजारी मांडी घालून उसासे टाकत बसायचे. जेवताना मात्र पातेल्याकडे पाठ करायचे, "त्याला दिसायला नको" म्हणून. मी दात-ओठ खात दवाखान्यात जायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तर हे पाण्यावर वाकलेले, चिमटीत पोळीचा चुरा.

वयाने मोठे, मानाने मोठे, पण मी ओरडलोच. "मारायचाय का त्याला? सांगितलेलं कळत कसं नाही तुम्हाला?"

ते चिमूट तशीच धरून बसले. मग हळूच म्हणाले, "मी वार लावून शिकलो हो. रोज एका घरी जेवायचं. सात घरं हवी होती, सहाच मिळाली. गुरुवारचं घर शेवटपर्यंत मिळालं नाही." आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "मला निदान ठाऊक असायचं, उद्या शुक्रवार आहे. ह्याला कसं सांगू?"

चुलीपाशी बायकोचा हात थांबला. साडूंनी तो चुरा आपणच सदऱ्याच्या खिशात टाकला.

तिसऱ्या दिवशी माशाने दोऱ्यासारखी लांबच लांब घाण टाकली आणि संध्याकाळपर्यंत तो सरळ पोहू लागला. साडूंनी शेजारपाजार गोळा करून तो सोहळा दाखवला. त्या भरात गावातली माझी उरलीसुरली अब्रूही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते किटली मांडीवर घेऊन नगरला गेले.

मासा पुढे दोन वर्षं जगला. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे साडू त्याला दिवसातून एकदाच, चिमूटभर घालायचे. आणि तेवढं घालून हात मागे घेताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे, असं मेहुणी सांगायची.