बाहीखालच्या गांध्या

बुवापाड्यातले आमचे शेजारी केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि भर उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालत. त्यांच्या अंगावर वरचेवर पित्ताच्या गांध्या उठत. बायको आमसुलाचं पाणी लावायची आणि ते कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे.

डोकेदुखीवर घेतलेल्या अ‍ॅस्पिरिनने गांध्या वाढतात, हे पुढे डॉक्टरांनी ओळखलं. शेजाऱ्यांच्या आईलाही हाच त्रास होता. ही प्रवृत्ती रक्तातून पुढे जाऊ शकते, जाईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कंपनीला शिव्या देणं थांबलं आणि ते मुलीकडे जास्त बघू लागले.

तिला बघायला बदलापूरचे पाहुणे आले, तेव्हा मीही बसलो होतो. पोहे अर्धे झाले असतील. शेजाऱ्यांनी बाही वर केली.

"ताई, हे बघून घ्या. माझ्या आईला होतं, मला आहे, डोकेदुखीच्या अ‍ॅस्पिरिनने वाढतं. पोरीला आजवर नाही, पण उद्या झालं तर फसवलं म्हणू नका. बरोबर ना?"

"अहो, पोहे तरी खाऊ द्या त्यांना," त्यांची बायको पुटपुटली.

मुलाच्या आईने गांध्या नीट पाहिल्या आणि विचारलं, "मग आमच्याकडे तिचं डोकं दुखलं, तर द्यायचं काय?"

"डॉक्टरला विचारल्याशिवाय काही नाही, विहीणबाई."

बायकोने कपाळाला हात लावला. लग्न ठरण्याआधीच ते विहीणबाई म्हणून मोकळे झाले होते. मुलाच्या आईने मात्र हसू दाबलं आणि आणखी थोडे पोहे मागितले.