शेवटच्या डोंगरापुढे

रंभाजीने रस्ता अंगणातच मांडला. उखळ म्हणजे कोल्हार. तिथून एक खडा मनमाडला, एक मालेगावला, एक धुळ्याला. सेंधव्याच्या घाटाला त्याने चांगला ओबडधोबड काळा दगड ठेवला आणि तुषारला सांगितलं, की हा घाट ऊन तापायच्या आत चढायचा. पायथ्याला पोटभर जेवायचं नाही, चढावर डुलकी लागते. इंजिन तापलं तर थांबायचं, पण रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करायची नाही.

तुषार कोल्हार-राहुरी जीप चालवायचा. हे सगळं त्याला ठाऊक होतं, तरी तो मान हलवत राहिला. पंच्याण्णव सालचा पौष होता. जीपला धंदा कमी होता आणि आईची, भागिरथीची, एकच मागणी होती: तुझा बाप जिथं राहिला ती जागा मला दाखव. बाप कारभारी, तुषार पाळण्यात असताना जैसलमेरच्या पलीकडे वाळूत विहीर खणायला गेला तो आला नाही. ती जागा आता एकट्या रंभाजीला माहीत होती.

खडे पुढे सरकले. इंदूर, रतलाम, नीमच, चित्तोड. उदेपूरनंतर रंभाजीने अरवलीसाठी दगडांची ओळ लावली. उताराला गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेव, नुसत्या ब्रेकवर उतरवू नको, असं बजावलं. शेवटचा डोंगर ठेवला आणि त्याचा हात थांबला.

"पुढं?" भागिरथीने विचारलं.

"पुढं सपाट हाय. कुनालाबी इचारा, कुनीबी सांगल."

तुषार म्हणाला, "तात्या, डोंगर दगडाचे केले. वाळवंटाला आता साखर आनू का कारखान्यातून?"

रंभाजी उठून आत गेला. त्याची बायको जयमाला भाकरी थापत होती. तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ वळलेली होती. ही मूठ ती वीस वर्षं बघत आली होती.

रंभाजी आणि कारभारी दोघं विहिरी खणायचे. कारभारी खाली, रंभाजी वर रहाटावर. या कामाचा एक नेम आहे. खाली माणूस आहे तोवर वरच्याने दोर सोडायचा नाही. तहान लागो, पाऊस येवो, कुणी हाक मारो. दोराला तीन हिसके बसले की वर घ्यायचं. खालचा वर आला, की त्याने स्वतः दोराला हात लावून म्हणायचं, "सोड." मग सोडायचा. हा नेम दोघांनी कधी मोडला नव्हता, आणि दोघांनाही त्याचा अभिमान होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कोल्हारला काम उरलं नाही. एका मुकादमाने टोळी गोळा केली आणि ट्रकने तिकडे नेली. तिथले लोक वाळू आत ढासळू नये म्हणून विहीर खणता खणताच तिला लाकडाचं कडं उतरवत नेत. कारभारीने जमिनीत पहार हाणली. पहार वाजली. आपल्या प्रवराकाठी पहार अशी वाजली की मुरूम असतो, आणि मुरूम भिंतीसारखा उभा राहतो. आधी खणायचं, बांधकाम मागून. कारभारीने जन्मभर जमीन कानाने ओळखली होती. तो कड्याशिवाय उतरला. वरचा थर खरंच कठीण होता. त्याच्याखाली नुसती वाळू होती.

वाळू आत गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. विहीर होती, मग नव्हती. आणि त्यानंतर रंभाजीच्या हातातल्या दोराला हिसके बसले. तीन.

त्याने रहाट ओढला. पाय रोवून, खांदा लावून, तोंडात रक्ताची चव येईस्तोवर ओढला. दोर तसूभर वर आला नाही. पायाखालची कड सरकायला लागली, तशी तिथल्या लोकांनी त्याला कमरेला धरून मागे खेचलं आणि कुणीतरी कुऱ्हाडीने दोर तोडला. नंतर पुष्कळ दिवस सगळ्यांनी वाळू उपसली. उपसावी तेवढी भरत होती.

गावी परतल्यावर रंभाजीने दोराचं काम सोडलं. खडीच्या खाणीत लागला, घण मारला, तिथेच म्हातारा झाला. पण दोर कुणाला चुकलाय? बैलाचा कासरा धरला, बैल स्वस्थ उभा असला, तरी कासऱ्याला तीन हिसके. वाळत घालायच्या दोरीला हात लागला की तीन हिसके. पहिला नातू झाला तेव्हा जयमालाने पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली. त्याने ती खाली ठेवली आणि बाहेर गेला. माणसाला माया नाही, असं लोक म्हणाले. त्याने म्हणू दिलं.

दुसऱ्या दिवशी भागिरथी एकटी आली. दगड जागच्या जागी होते. शेवटच्या डोंगरापुढे अंगण रिकामं होतं.

रंभाजीने तिला सरळ सांगितलं, की तो शेवटच्या डोंगरापर्यंत येईल. पायथ्याला धर्मशाळा आहे, तिथे थांबेल. पुढे मायलेकरांनी जावं. वाळूच्या टेकड्या वाऱ्याने फिरतात, आता जागा त्यालाही सापडायची नाही, हेही सांगितलं. ते खोटं होतं. टेकड्या फिरतात, पण त्या जागेजवळ पाण्याचं दगडी टाकं होतं आणि टाकं कुठे फिरत नाही.

भागिरथी उखळावर बसली. कारभारीच्या पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसासाठी त्रिशरण म्हणायला, सगळं गाव विहारात बसलं होतं, तेव्हा ती बाहेर पायरीवर बसून राहिली होती. कुणी आत ये म्हटलं तरी उठली नव्हती.

"ईस वर्सं मीबी तितंच बसलेय भाऊजी," ती म्हणाली. "शेवटच्या डोंगराच्या अलीकडं. पलीकडं जाऊन तिसरन म्हनते आन मोकळी व्हते. पन दावनारा पायजे."

रंभाजीला मोकळं व्हायचं नव्हतं असं नाही. तिथे गेल्यावर दोर पुन्हा हलला तर काय धरून ओढायचं, हे त्याला कळत नव्हतं.

निघायची सकाळ उजाडली. जीपच्या टपावर पाण्याचे कॅन, स्टोव्ह, गोधड्या चढल्या. तुषार पुढे बोनेट उघडून पाणी भरत होता. बांधायला केकताडाच्या वाखाचा दोर होता. रंभाजीने तो टपावरून पलीकडे फेकला, कारण सामान त्याच्याशिवाय कुणी नीट बांधलं नसतं. पलीकडे भागिरथीने टोक धरलं. अलीकडचं टोक रंभाजीने कॅरिअरच्या दांडीला वेढलं, गाठ मारली आणि दोन्ही हात धोतराला पुसले.

"भाऊजी," पलीकडून आवाज आला. "वढता का तुमी?"

"न्हाई."

"वढला की. तीनदा."

रंभाजी वळसा घालून पलीकडे गेला. दोर तिच्या दोन्ही मुठींत ताणलेला होता. वारा नव्हता. जीप हलत नव्हती. हिसक्यांचं त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. जयमालालासुद्धा नाही.

भागिरथी घाबरलेली नव्हती. तिने दोर सोडलाही नव्हता.

"तुमी लई दिवस धरला," ती म्हणाली. "आता मी धरते. तुमी रस्ता सांगा."

रंभाजीने उरलेलं सामान तिच्या हातातल्या दोराला धक्का न लावता दुसऱ्या दोरीने बांधलं. मग तो तुषारशेजारी पुढच्या सीटवर बसला आणि त्याला म्हणाला, की डोंगर उतरल्यावर जोधपूर, मग पोकरण, मग जैसलमेर. तिथून पुढे एक दगडी टाकं लागतं. ते दाखवायला तो बरोबर असेल.

गाडी निघाली. जयमाला अंगणात उभी होती. दगडांची ओळ तिने झाडली नाही.

मागच्या सीटवर भागिरथीने दोराचं टोक खिडकीतून आत घेतलं होतं. कोपरगावला गोदावरीचा पूल आला, तरी तिची मूठ वळलेलीच होती.