उघडा ठेवलेला कान

फौजेत मॉर्टर प्लाटूनमध्ये, म्हणजे उखळी तोफांच्या तुकडीत, मी लोडर होतो. हुकूम आला की बॉम्ब नळीत सोडायचा आणि तोंड फिरवून खाली बसायचं. दोन्ही कानांत बोळे घाला, असा नियम होता. आम्ही नळीकडच्या डाव्या कानात कापूस कोंबायचो आणि कमांडरकडचा उजवा उघडा ठेवायचो. हुकूमच ऐकू आला नाही तर लोडर काय कामाचा? जुने करायचे म्हणून नवे करायचे.

माझा कमांडर हवालदार शामराव, शिराळ्याचा. मी कवठे महांकाळचा, दोघं एकाच जिल्ह्यातले. त्यामुळे हुकूम हिंदीत आणि शिव्या घरच्या. नागपंचमी हा शिराळ्याचा सगळ्यात मोठा सण; तेव्हा रजा मिळाली नाही की दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. संध्याकाळी स्वतःच सगळ्यांना चहा करून द्यायचा.

सीमेवरच्या पोस्टवर एका सकाळी समोरून गोळाबारी सुरू झाली. रेडिओवर निशाण्याची रेंज येत होती. शामराव उभा राहून हुकूम देत होता.

"फायर."

"फायर."

तिसऱ्यांदा ओरडला तो आमच्या बोलीत.

"खाली पड रं!"

मी पडलो. गोळा त्याच्या मागेच फुटला. उठलो तेव्हा उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती आणि शामराव गेला होता.

शिट्टी नंतर थांबलीच नाही. पेन्शनवर घरी आलो तरी झोप नाही. मुद्दाम ऐकत नाही, असं बायको म्हणते. ते अर्धं खरं आहे.

गेल्या वर्षी सांगलीच्या एका दवाखान्यात या आजारावर संशोधन सुरू झालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. कानाकडून आवाज येईनासा झाला की मेंदू स्वतःच व्हॉल्यूम वाढवतो. समोरचं स्टेशन गप्प झाल्यावर रेडिओ ऑपरेटर खरखर ऐकत बसतो, तसंच हे. उपचार म्हणजे हेडफोनमधून आवाज आणि जिभेवर बारीक झिणझिण्या. गुण येईलच असं नाही, शिवाय आपल्याला मिळालेलं यंत्र खरं की नुसतं दाखवायचं, हेही शेवटपर्यंत कळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग माझ्या शिट्टीशी जुळणारा सूर शोधायला त्यांनी एकेक आवाज ऐकवला. सूर जुळला आणि मला रडू फुटलं. संमतीच्या कागदावर सही न करताच बाहेर आलो. शामरावच्या हाकेनंतर या कानाने दुसरं काही धड ऐकलेलं नव्हतं. शिट्टी गेली तर हाकही जाईल, अशी भीती वाटली.

एसटी पकडून शिराळ्याला गेलो. त्याची आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"त्यो वरडला त्ये तू जगावास म्हणून," ती म्हणाली. "कानात शिट्टी घिऊन बसावास म्हणून न्हवं. जा, औषध कर."

थोड्या वेळाने तिने शेंगा बाजूला ठेवल्या.

"कसा वरडला त्यो? म्हणून दाव."

मी ओरडून दाखवलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं.

"आवाज मोठाच हुता त्याचा," ती म्हणाली.

सांगलीला परत जाऊन सही केली, उपचार पुरे केले. यंत्र खरं होतं की खोटं, अजून सांगितलेलं नाही. शिट्टी थोडी उतरली आहे, झोप लागते. हाक जिथल्या तिथे आहे. यंदा नागपंचमीला शिराळ्याला गेलो. शामरावच्या आईने दारातच हात धरला आणि म्हणाली, "म्हण."