कापलेला शिक्का

मुलीचा जन्मदाखला शोधून काढला आणि त्यावरच्या जांभळ्या शिक्क्यावर नजर थांबली. 'गोवा' ठसठशीत उमटलंय, पुढे नुसती कोरी जागा.

ती जागा रमणभाईंनी केलेली. ते दमणचे. पणजीच्या आमच्या जन्मनोंदणी कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. तेव्हा गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. मग गोव्याचं राज्य झालं आणि दमण, दीव केंद्राकडेच राहिले. आम्ही पेढे वाटले. रमणभाईंनीही खाल्ला. "अभिनंदन तुम्हा लोकांचं," म्हणाले.

नवे शिक्के यायला वेळ होता. "जुन्यातली दोन नावं ब्लेडनं कापा, तोवर चालेल," साहेबांनी सांगितलं. रमणभाईंचा हात स्थिर, म्हणून शिक्का मीच त्यांच्यापुढे सरकवला. दुसऱ्या कुणाला द्यावा, हे सुचलंसुद्धा नाही मला! मान खाली घालून ते एकेक अक्षर कापत राहिले. रबराचे कण त्यांनी झाडले नाहीत. कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवले.

राज्य होणं म्हणजे नकाशावर एक रेघ ओढणं, एवढंच मला ठाऊक होतं. रेघेपलीकडचा माणूस शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो, हे कळायला फार वर्षं गेली.

कापलेला शिक्का त्यांनी पहिल्यांदा माझ्या मुलीच्या दाखल्यावरच मारून पाहिला.

"बघा, आमचं नाव कुठे दिसतंय का?"

मी दाखला उजेडात धरला, नीट पाहिलं आणि आनंदानं म्हणालो, "अजिबात नाही."