चपलांजवळचा कापूस

"कवडी आहे ही. वेदीवर कोणी ठेवली?"

मॅडमनी माझ्या मायचं गाठोडं दोन बोटांनी उचललं आणि हवेत धरलं. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं. चर्च भरलेलं. कापणीचा सण होता. वेदीपुढं लोकांनी आपापल्या पिकातलं आणून मांडलं होतं. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कोहळी, पाय बांधलेली एक कोंबडी. मधोमध मॅडमच्या घरचा कापूस. पांढराशुभ्र. त्या साली असा कापूस आमच्या भागात कोणाच्याच शेतातून निघाला नव्हता. तो त्यांनी जिनिंगच्या कारखान्यातून निवडून आणवला होता. सगळ्यांना माहीत होतं.

मायचा कापूस पिवळा होता. ऐन वेचणीत पाऊस लागून राहिला, बोंडं झाडावरच भिजली, उरली ती अळीनं पोखरली. नेरच्या बाजारात गाड्या खोळंबल्या होत्या. ग्रेडर गाडीत हात घालायचा, ओल बघायचा, नाक मुरडून भाव पाडायचा. माय दुसऱ्याच्या शेतात वेचायला जायची. झाडाला चिकटून राहिलेली कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, मालकानं बायांना नेऊ दिली. ती मायनं अंगणात वाळवली, काडीकचरा वेचून काढला, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि मांडीवर घेऊन एसटीनं आली. देवाला द्यायला तिच्याकडं त्या साली तेवढंच होतं.

मॅडम म्हणजे चर्चच्या मंडळीच्या मुख्य पंचांची बायको. आज्यापणज्यापासूनचे ख्रिस्ती, चर्चला लागून बंगला. मी त्यांच्या देखरेखीखालच्या वसतिगृहात वाढले. बाप वारल्यावर मायनं मला तिथं ठेवलं होतं. पुढं त्यांच्याच शब्दावर तिथलं स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. पगार, राहायला खोली.

मी वेदीशीच फुलं लावत उभी होते. मॅडमनी गाठोडं माझ्या हातात दिलं. ते कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"जा, चपलांजवळ ठेव. उपासनेनंतर लिलावात कोणीतरी घेईल गादीत भरायला. देवाला उत्तम ते द्यावं, इतकं तरी शिकवलंय ना तुम्हाला?"

पुढच्या बाकांवरच्या बाया हसल्या.

मी गाठोडं घेतलं आणि चालू लागले. बाकांच्या मधून, मागच्या सतरंजीपर्यंत. सतरंजीवर खेड्यावरून आलेल्या बाया बसायच्या. पुढचे बाक बंगलेवाल्यांचे. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. सतरंजीच्या कडेला माय बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. दारात चपलांच्या ढिगाला टेकवून गाठोडं ठेवलं आणि परत येऊन फुलं लावू लागले.

अपमान मॅडमनी केला. नेऊन ठेवलं मी.

कोणी बळजबरी केली नव्हती. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हणायची सवयच नव्हती. वसतिगृहात लहानपणापासून एक गोष्ट अंगात मुरली होती. देव प्रीती करतो म्हणून तुम्हाला जेवण मिळतं. म्हणून भांडी नीट घासा. म्हणून पाहुणे आले की उभं राहून साक्ष द्या, की आम्ही घाणीत होतो आणि या लोकांनी आम्हाला उचललं. मी कितीदा उभी राहिले. घाण म्हणजे आमचं घर. घाण म्हणजे माय. मी ते म्हणायचे आणि पाहुणे रुमालानं डोळे पुसायचे. देवाची प्रीती म्हणजे मला उपकारच वाटायचा. कधी न फिटणारा. रोज मान खाली घालून फेडायचा.

आमच्या वस्तीतले बाकी सगळे विहारात जाणारे. माय एकटी चर्चला यायची. मामा मला चिडवायचा.

"काय वं भाची, तुह्या देवाच्या घरी बसाले जागा भेटते का? आमच्या विहारात सतरंजी एकच हाय. डॉक्टर आला तरी त्याच सतरंजीवर."

मी ताडकन सांगायचे, "मामा, ख्रिस्तात सगळे सारखे असतात." वर चार वचनं म्हणून दाखवायचे. मामा हसायचा. "सारखे असतात तं मंग माही बहीण मांगं काहून बसते?"

मी विषय बदलायचे.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी देवाच्या प्रीतीवरच उपदेश दिला. चांगला बोलले. देव आपली लायकी पाहून प्रीती करत नाही, म्हणाले. मॅडम मान डोलवत होत्या. मीही डोलवत होते. सवय.

मग प्रभुभोजन. आमच्याकडं वेदीपुढच्या कठड्याशी रांगेनं गुडघे टेकतात आणि दोन्ही तळहात उघडे पुढं धरतात. पाळक भाकरीचा तुकडा हातावर ठेवत जातात. मी गुडघे टेकले. हात उघडले.

हातांना कवडी चिकटलेली होती. गाठोडं घेतलं तेव्हा फुलांच्या पाण्यानं हात ओले होते, त्यावर पिवळट तंतू बसून वाळले होते. चोळले. जाईनात.

पाळक जवळ येत होते. माझी नजर हातावरून वधस्तंभावर गेली, तिथून पुन्हा हातावर. मी देवाला ग्रेडर समजत आले होते. ढिगात हात घालणारा, ओल बघणारा, भाव पाडणारा. आणि इथं तर त्यालाच नापास करून गावाबाहेर नेऊन टांगलेलं. कोणी? त्या काळच्या चांगल्या घरच्या लोकांनी. त्यांनी स्वतः हात थोडेच मळवले असतील. खिळे नेऊन द्यायला कोणीतरी पोटासाठी राबणारं असेल. माझ्यासारखं. सांगितलं की नेऊन ठेवणारं.

त्या खिळे आणणाऱ्यावरही त्याची प्रीती आहे, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पाठ होतं, कळलेलं नव्हतं. कळलं तेव्हा बरं वाटलं नाही. आपण शिक्षेच्या लायक असावं आणि समोरच्यानं शिक्षा न करता नुसतं बघावं, याहून वाईट काही नाही.

पाळकसाहेब माझ्यापुढं आले. मी हात मिटले आणि उठले.

"काय झालं, ताई?"

"थांबा साहेब. आधी एक काम आहे."

दारापर्यंत गेले. तोवर गाठोड्यावर कोणाची तरी चप्पल आली होती. ती बाजूला केली. गाठोडं उचललं, वेदीशी आले आणि मॅडमच्या पांढऱ्या कापसावर मधोमध ठेवलं.

मॅडम बाकावरून उठल्या. "आमचं मीठ खाऊन हे?"

"मीठ खाल्लं, मॅडम. रोज राबून खाल्लं. हे गाठोडं माझ्या मायचं आहे. ते इथंच राहील."

"खाली उतरव ते."

"तुम्ही उतरवा. मी नाही उतरवणार."

सगळं चर्च बघत होतं. मॅडमचा हात पुढं आला नाही. तोवर असली कामं त्यांनी आमच्याच हातांनी करून घेतली होती.

मी मागं जाऊन मायजवळ बसायला लागले. वाटलं होतं, ती हात धरेल. मायनं माझ्याकडं बघितलंही नाही. दबक्या आवाजात म्हणाली, "आता कायले आणलं वं? नेत होती तवा तं माह्याकडं पाह्यलं नाही तू."

"चुकलं माय."

"मले माहीत हाय."

ती सरकली नाही. सतरंजीवर जागा नव्हती. मी फरशीवर बसले.

नाताळाच्या आधी स्वयंपाकघर गेलं, खोली गेली. मी गावात खोली घेतली, डबे सुरू केले. पोट भरतं. मामा म्हणाला, "ये आता विहारात." मी गेले नाही. तिथं मला कोणी हाकललं नसतं हे माहीत आहे. पण पळून गेले असते तर ते चर्च मॅडमचंच झालं असतं.

मी तिथंच जाते. कोणी "साक्ष दे" म्हटलं तर उभी राहत नाही. विचारलंच, तर हीच साक्ष देते, आणि मग दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. कापणीच्या सणाला खेड्यावरच्या बायांनी आणलेलं किडकं, भिजलेलं, डागी आधी मी वेदीवर मांडते. त्यानंतर बाकीच्यांचं.

माय अजून तो दिवस उकरून काढते. काढू दे. मी नेऊन ठेवलं होतं. ते कुठल्याच पाण्यानं धुऊन निघत नाही.

देव माझ्यावर प्रीती करतो. मॅडमवरही करतो. त्यांनी बंगल्यातून मान वर करून काही मागितलं तर ऐकतही असेल. ते त्याचं काम, तो देव आहे. पण त्यांनी दोन बोटांनी उचललेलं काहीही यापुढं माझ्या हातांनी दाराबाहेर जाणार नाही.