आडनावाचं बारसं

इकडे परदेशी यायला निघालो त्या दिवशी दारात चार बॅगा उभ्या होत्या आणि चारींवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ह्यांचं नाव नि आडनाव. आईनं माझ्या हातात मेतकुटाचा डबा दिला. "कुसुम, पोचलीस की कळव." सासरची माणसं उभी होती. मी पुटपुटले, "आई, वैशाली म्हण ना गं." तिनं मुकाट्यानं वाक्य दुरुस्त केलं. "वैशाली, पोचलीस की कळव."

अशी मी शहाणी. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'वैशाली' लिहिलं, तेव्हा तर मोहरून गेले होते. माहेरची कुसुम शेलार मागे टाकली आणि नव्या सहीनं अख्खी वही भरली.

वन्सं, तुम्ही व्हिडिओ कॉलवर रागावलात म्हणून हे लिहितेय. नातवाचं नाव कीगन ऐकून तुम्ही म्हणालात, "अगं, ते आयरिश लोकांचं आडनाव. उद्या इथं कुणी पोराचं नाव कुलकर्णी ठेवेल." खरं सांगते, आधी मीही हसले होते. आमचा निखिल तर "स्वीट ॲज, आई", म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', म्हणून मोकळा. मग सूनबाईनं, क्लेअरनं सांगितलं, कीगन हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव. घरात सगळ्या बहिणीच. सगळ्यांची लग्नं झाली, आडनाव संपलं. माझं हसू तिथंच थांबलं.

तुम्ही तोडगाही काढलात. कागदावर काय हवं ते लिहा, पण बारशाला कानात 'दर्शन' सांगा. नाही, वन्सं. एक नाव आत नि एक बाहेर, हा संसार मी पंचेचाळीस वर्षं केलाय. पोराच्या डोक्यावर तो नको.

बारसं इथंच, हिल्सबरोला, आमच्या लाउंजमध्ये झालं. आत्याचा मान म्हणून नीता टौरंगाहून गाडी हाणत आली. तुमचा फोन माझ्या लेकीलाही गेला होता, त्यामुळे ती पाळण्यापाशी अडली. "आई, नक्की काय सांगू?" पाळण्याच्या पलीकडे क्लेअरची आई, बाळाला घ्यायला हात पसरून उभी.

म्हटलं, "कीगन. आणि जरा मोठ्यानं सांग, पुण्यापर्यंत जाऊ दे."

नीतानं सांगितलं. त्या बाईनं बाळ घेतलं, ते बराच वेळ परतच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या रंगाची डबी आणली आणि लेटरबॉक्सवर ह्यांच्या नावाखाली लिहिलं, कुसुम शेलार. हे म्हणाले, "पोस्टमन गोंधळेल."

"गोंधळू दे. सवय होते."

घरी कधी येणार, असं तुम्ही दर कॉलला विचारता. तर वन्सं, फराळाचं पार्सल त्याच नावानं पाठवा, इथल्या पत्त्यावर. आई असती तर तिलाही कळवलं असतं, कुसुम पोचली म्हणून.